चांदीआडचे पिस्तूल ओळखणारे नाना

दिनांक १२ फेब्रुवारी २००४, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या संग्रहालयाच्या शस्त्रदालनाचे उद्घाटन नुकतेच झाले होते आणि मी नव्या सूचीपुस्तिकेचे चौदावे पान वाचत होते. जर्मन लष्करी संकेत-पिस्तुलांच्या नोंदींखाली छापले होते : ‘ही ओळख परदेशी तज्ज्ञांच्या साहाय्याने निश्चित करण्यात आली.’

ते परदेशी तज्ज्ञ माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. कळंब्याहून बसने आले होते. त्यांचे नाव श्री. गणपतराव कांबळे. आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो. येत्या एप्रिलात त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्तच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना संपादकांनी ‘जरा गोड लिहा’ असेही सुचवले. नानांबद्दल गोड लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. ते लिहितेच, आणि उरलेलेही लिहिते.

त्यांची माझी पहिली भेट १९९६ सालची. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी संग्रहालयाच्या इंग्रजी नोंदवहीचे काम विनावेतन घेतले होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईला जगातल्या सगळ्या वस्तूंची नावे येतात, असा विश्वस्तांचा समज होता आणि तो मी दूर केला नव्हता. एका जाडजूड नळीच्या पिस्तुलाला ‘जर्मन सेनापतीचे शिकारी पिस्तूल’ अशी चिठ्ठी मीच लावली होती. नाना तेव्हा उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. प्रदर्शन पाहायला आले आणि कपाटापुढे थांबले.

“बाई, हे कुणी लिवलंय?”

“मी.”

“याच्या नळीत माझा अंगठा जाईल की. यातनं शिकार न्हाय व्हत. यातनं उजेड सुटतोय.”

“तुम्हाला काय माहीत?” मी विचारले.

“मला कुठं म्हाईत हाय? मोजू द्या, मग सांगतो.”

त्यांनी खिशातून मापे घ्यायचे व्हर्निअर काढले. पुढच्या आठवड्यात ते एक जुना जर्मन शब्दकोश घेऊन आले. युद्धात सैनिकांना इशारा देण्यासाठी आकाशात रंगीत प्रकाश सोडणारे ते पिस्तूल होते. माझी चिठ्ठी मी स्वतः फाडली.

आपल्या जिल्ह्यातले जवान दुसऱ्या महायुद्धात दूरदेशीच्या लढायांवरून अशा वस्तू घेऊन आले. घरोघरी त्यांना काहीबाही नावे पडली. नानांनी आठ वर्षे त्यांची खरी नावे शोधली. माझ्या शाळेत एक जर्मन सिस्टर होत्या, त्यामुळे उच्चार मी सांगे आणि अर्थ नाना लावत. ‘लॉइख्तपिस्टोले’ म्हणजे उजेडाचे पिस्तूल. लोहचुंबक चिकटला नाही तर ते हलक्या मिश्रधातूचे, आधीचे. चिकटला तर पोलादी पत्र्याचे, युद्धाच्या उत्तरार्धातले. “आदी मोजायचं, मग नाव द्यायचं,” हे ते मला इतक्या वेळा म्हणाले आहेत, की आता मी भाजीवाल्याशीही तसेच वागते.

हुपरीचे पिस्तूल मात्र मोजून भागेना. तिथल्या एका कारागीर घरातले आजोबा ते युद्धावरून घेऊन आले होते. आजोबा वारल्यावर आजींनी आपले तोडे आटवून त्याचा पातळ पत्रा केला आणि पिस्तुलावर ठोकून बसवला. दर खंडेनवमीला त्याची पूजा होई. पोलिसांत रीतसर नोंद करून त्यांनी ते आम्हाला दिले, तेव्हा आमच्या एका विश्वस्तांनी ‘बड्या अधिकाऱ्याला मिळालेले मानाचे पिस्तूल’ असे जाहीरच करून टाकले. नानांना शंका आली. प्रकार सांगणारे कोरीव अक्षर असलेच तर ते चांदीखाली होते.

“काढा पत्रा,” विश्वस्त म्हणाले.

“एका अक्षरासाठी म्हातारीची चांदी खरवडायची?” नाना म्हणाले. “नळीत बघू की आत. नळीला कुणी चांदी लावली न्हाय.”

त्यांनी नळीत मेण ओतून ठसा घेतला. थंड झालेल्या मेणावर तिरके आटे उमटले होते. साध्या प्रकाश-पिस्तुलाची नळी आतून गुळगुळीत असते. हे आटे छोटा स्फोटक गोळा फिरवत नेण्यासाठी होते. म्हणजे हे ‘काम्फपिस्टोले’, लढाईचे पिस्तूल. चांदी जिथल्या तिथे राहिली.

नानांची माया अशीच, हाताने काम करणारी. माझ्या यजमानांचे पायाचे ऑपरेशन झाले, तेव्हा भेटायला येणारे सफरचंदे घेऊन येत. नाना लेथवर स्वतः घडवलेला दांडा घेऊन शाहूपुरीत आमच्या घरी आले, न्हाणीघराच्या भिंतीत बसवला, दोनदा स्वतः लोंबकळून पाहिले आणि चहा न घेता गेले. त्या दांड्याला धरून यजमान पुन्हा उभे राहू लागले.

आता त्या पानाविषयी. नानांनी हाताने लिहिलेली अकरा पाने मी टंकलिखित केली होती. कार्बन प्रती माझ्या कपाटात आहेत. चौदाव्या पानावर त्यांतलेच शब्द आहेत. मी तिथल्या तिथे संग्रहालयाच्या कार्याध्यक्षांना विचारले. ते म्हणाले, “बाई, परदेशी तज्ज्ञ म्हटलं की वजन येतं.”

“आणि कांबळे म्हटलं की?” मी विचारले. त्यांना कुणीतरी बोलावले, असे त्यांनी दाखवले.

नानांची इंजिनिअरिंगला असलेली नात पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळत होती. “आजोबा, तुमचं नाव कुठाय?”

“हुपरीच्या आजीचं हाय न्हवं? मग झालं की,” नाना म्हणाले. पण ते तिच्याकडे पाहत नव्हते. व्हर्निअर पुसत होते, आणि ते स्वच्छच होते.

नम्र असणे हा नानांचा हक्क आहे. त्या नम्रतेचा फायदा घेण्याचा हक्क कुणालाही नाही. नानांचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, हात असेच स्थिर राहोत, गुडघे त्यांना कळंब्याच्या तळ्याभोवती रोज फिरवून आणोत, आणि शंभरीच्या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहायला माझ्यापेक्षा सौम्य कुणी मिळो.

हा ग्रंथ प्रकाशित होईल तेव्हा संग्रहालयाचे विश्वस्त पहिल्या रांगेत हार घेऊन बसलेले असतील. त्यांना माझी विनंती नाही, मागणी आहे. सूचीपुस्तिकेच्या शिल्लक प्रत्येक प्रतीत चौदाव्या पानावर ‘ओळख : श्री. गणपतराव कांबळे, कोल्हापूर’ अशी छापील पट्टी चिकटवावी, आणि तसे केल्याचे सहीशिक्क्याचे पत्र ३१ मे २००४ रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी नानांच्या नातीच्या हाती द्यावे. तोंडी निरोप चालणार नाही.