विसरलेल्या छत्र्या

जुन्नरच्या सरकारी दवाखान्याच्या पडवीत, दारामागच्या कोपऱ्यात, छत्र्या ठेवायची जागा होती. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत मी तिथं डॉक्टर होते आणि त्या कोपऱ्याकडं नुसतं पाहून पुढचे दिवस कसे जाणार ते मला कळायचं. छत्र्या असल्या तर माणसं येणार. नसल्या तर आजारी माणसाखेरीज माझ्याशी बोलायला कुणी नाही.

त्या भागात बाई डॉक्टर मी एकटीच. लग्न केलेलं नव्हतं, घरची माणसं पुण्यात, मी दवाखान्याच्याच मागच्या खोलीत राहायची. गावातल्या बायका मला इतकं मानायच्या की माझ्यासमोर मोकळेपणी हसायच्याही नाहीत. बारशाला आमंत्रण यायचं. मी गेले की गप्पा थांबायच्या आणि कुणीतरी एकजण हळूच मला बाजूला घेऊन पोटदुखी सांगायला लागायची. पुरुष डॉक्टर रस्त्यात भेटले तर नमस्कार करून लगबगीनं पुढं जायचे. कुणी वाईट वागलं नाही. वाईट वागले असते तर निदान भांडता तरी आलं असतं. संध्याकाळी मी पडवीत खुर्ची टाकून शिवनेरीकडं बघत बसायची. किल्ला रोज बघितला तर त्याचाही कंटाळा येतो, हे मी कुणाला सांगणार?

मग पुण्याच्या डॉक्टरांच्या एका संस्थेनं ठरवलं की पदवी घेऊन खेड्यात बसलेल्या डॉक्टरांचं शिक्षण तिथंच थांबू नये. जुन्नर आणि आंबेगाव मिळून एक केंद्र करायचं, महिन्यातून एकदा पुण्याहून जाणकार डॉक्टर येऊन व्याख्यान देणार, नियमानं येणाऱ्याला वर्षअखेर प्रमाणपत्र मिळणार. केंद्राचा चिटणीस कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा गावातले सगळ्यात वडीलधारे डॉक्टर म्हणाले, "बाईंना वेळ असतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. वेळ होता हे खरं होतं, म्हणूनच मला राग जास्त आला.

पण काम मी जीव लावून केलं. कुठल्या महिन्यात काय शिकायचं, ते इथल्या आजारांवरून ठरवायचं. शेतात विंचू निघायच्या आधी विंचूदंश, यात्रांच्या आधी पटकी. आमच्यातल्या एका मुसलमान डॉक्टरांच्या घरी पूर्वी कागद बनवायचा धंदा होता. ते घरचा जाडसर, जुना कागद आणून द्यायचे, त्यावर मी आमंत्रणं लिहायची. व्याख्यात्याला नारायणगावला उतरवून घ्यायचं, दुपारी आमच्या पडवीत सभा, चहा-चिवडा, संध्याकाळच्या एसटीनं परत पाठवायचं. मग वृत्तांत लिहून पुण्याला धाडायचा. विषय काय, हजर कोण, सह्या, आणि चर्चेत कुणी काय विचारलं ते नावानिशी. या शेवटच्या गोष्टीवर पुण्याचा फार कटाक्ष. नुसतं ऐकून उठणं म्हणजे शिक्षण नव्हे, असं त्यांचं म्हणणं. चर्चा झाली नाही तर केंद्राची मान्यता जाणार.

आणि आमच्याकडं चर्चाच होत नव्हती.

व्याख्यान संपायचं, पाहुणे विचारायचे, "काही शंका?" आणि सगळे डॉक्टर छताकडं बघायला लागायचे. कारण उघड होतं. पडवीला भिंत नव्हती, नुसता कठडा होता. कठड्याला टेकून त्यांचे गाडीवाले, कंपाउंडर, एखादा बरोबर आलेला पेशंटचा भाऊ उभा असायचा. कुणी शंका विचारली की बाजारात बातमी जायची, "आमच्या डागदराला ठावंच न्हाई, पुण्याच्या मानसाला इचारीत व्हता." एका डॉक्टरच्या अडाणीपणाची बातमी म्हणजे शेजारच्या डॉक्टरची चांदी. सभा दवाखान्याच्या आतल्या खोलीत घेऊन पाहिली, तर एकमेकांसमोरही कुणी तोंड उघडेना. पेटी ठेवली, नाव न घालता चिठ्ठी टाका म्हटलं. पेटी रिकामीच राहिली. एकाचं औषध लागू पडलं नाही की पेशंट त्याचा कागद घेऊन दुसऱ्याकडं जायचा, त्यामुळं सगळ्यांना सगळ्यांचं अक्षर ओळखू यायचं.

तरी शंका होत्याच. त्या छत्र्यांमधून यायच्या.

चहा झाला की सगळे निघायचे. पाहुण्यांची एसटी यायला अवकाश असायचा. थोड्या वेळानं वडीलधारे डॉक्टर एकटेच परत यायचे. "छत्री राहिली वाटतं." छत्री घ्यायच्या आधी पाहुण्यांजवळ वाकून विचारायचे, "माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी अशा केसमध्ये असं असं केलं. बरोबर केलं का हो?" ते गेले की कागदवाले. ते गेले की पिंपरी पेंढारचे तरुण डॉक्टर, जे सायकलवर यायचे आणि छत्री फक्त विसरण्यासाठी आणायचे. ऊन असो, थंडी असो, छत्री हवीच. ज्यांना पाहुणे सापडत नसत, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येत. मी चहा टाकायची. शंका मी लिहून घेऊन पुण्याला विचारायची आणि उत्तर आलं की आमच्या आयाला निरोप देऊन पाठवायची, "तुमची छत्री इथं राहिलीय." मग ते पुन्हा यायचे, पुन्हा चहा व्हायचा. उत्तरावरून बोलणं निघायचं, नाडीवरून, तापावरून, कधी कधी पुस्तकांवरून, मुलांच्या शाळेवरून. तासभर मी डॉक्टर असायची आणि समोर डॉक्टर असायचा. आया वैतागायची. "शानीसुरती मान्सं, आन् छत्र्या कशा काय इसरत्यात राव?" मी हसायची. मला त्या छत्र्या हव्या होत्या, हे तिला कसं सांगू?

एक मात्र होतं. माझी शंका घेऊन मी कुणाच्या पडवीत छत्री विसरायची? पाहुण्यांपाशी कायम कुणीतरी छत्री शोधायला आलेलं असायचं, आणि पुण्याला लिहावं तर चिटणिसाचीच चूक संस्थेच्या दप्तरात गेली असती.

कारण मलाही विचारायचं होतं. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातून एका बाळंतिणीला डोलीत घालून आणलं होतं. मूल घरीच झालं होतं, वार पडली नव्हती, वाटभर रक्त गेलं होतं. अंग गार, नाडी लागेना. हात घालून वार लगेच काढावी, की आधी सलाईन देऊन तिला थोडं सावरू द्यावं? मी सावरू द्यायचं ठरवलं. ती सावरली नाही. नवरा भातशेती करणारा साधा माणूस, त्यानं मला हात जोडले. म्हणाला, "हुईल तेवढं केलंत, बाई." त्याचं ते बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. होईल तेवढं केलं होतं का मी? हे मला सांगू शकेल असा एकही माणूस त्या दोन तालुक्यांत माझ्या बोलण्यातला नव्हता. आणि विचारलं असतं तर बायका यायच्या थांबल्या असत्या. मग तिथं मी कशासाठी राहायचं?

पुढच्या सभेचा विषय मी 'बाळंतपणातला रक्तस्राव' असा ठेवला. चिटणीस असण्याचा तेवढा एक फायदा. तोवर पुण्याहून पत्र आलं होतं की चर्चेची जागा कोरीच राहते आहे, या खेपेलाही तसंच झालं तर केंद्र बंद करावं लागेल.

पाहुणे छान बोलले. खडूनं फळ्यावर आकृत्या काढल्या. शेवटी विचारलं, "काही शंका?" सगळे छताकडं. कठड्याबाहेर गाडीवाले तंबाखू मळत होते. मी कोपऱ्यातल्या छत्र्यांकडं पाहिलं आणि उठून उभी राहिले.

"मला आहे," म्हणाले. ओळखीच्या डॉक्टरांची केस, असं मी म्हटलं नाही. माझी पेशंट होती, मी असं केलं, ती गेली, असं सगळं सांगितलं. बाहेर तंबाखू मळायचं थांबलं. पाहुण्यांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "हाताशी रक्त असेल तर या प्रश्नाला उत्तर आहे. रक्त नसताना मीही थांबलो असतो. आणि कदाचित माझ्याकडचीही गेली असती."

मी खाली बसले. मग वडीलधाऱ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि कुणाकडं न बघता म्हणाले, "मी थांबलो नव्हतो, बाई. हात घातला. माझ्याकडचीही गेली." इतकी वर्षं त्यांनी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडाकडं बघून कळत होतं.

त्यानंतर बांध फुटला. कागदवाले डॉक्टर उठले, त्यांना रक्त थांबवायचं इंजेक्शन कधी द्यायचं ते विचारायचं होतं. पिंपरी पेंढारचे तर थांबेचनात. गावातल्या सुइणींना बोलावून हे शिकवता येईल का, असं घोडेगावहून आलेल्या एकांनी विचारलं. मी लिहीत होते, नावं, शंका, उत्तरं, कागद पुरेना. पाहुण्यांची एसटी चुकता चुकता राहिली. त्यांना गाडीत बसवून मी परत आले तेव्हा मला वाटत होतं की आज आपण एक मोठं काम केलं. तसं ते होतंच.

आया कपबश्या गोळा करत होती. दारामागं बघून म्हणाली, "आज आक्रीत झालं, बाई. समद्यांनी आपापल्या छत्र्या न्हेल्या."

कोपरा खरंच रिकामा होता.

बायका यायच्या थांबल्या नाहीत. मी उगाच भ्यायले होते. उलट उशीर झाला तर बाईंच्याही हातात राहत नाही, ही बातमी गाडीवाल्यांनी बाजारातून डोंगरात नेली आणि तिकडच्या डोल्या आता लवकर यायला लागल्या. पुण्याहून शाबासकीचं पत्र आलं, चर्चा उत्तम, केंद्र चालू ठेवावं. पुढच्या सभेलाही सगळे भडाभडा बोलले, हसले, एकमेकांच्या चुका काढल्या. माझा मान वाढला. सभा संपली की शंका तिथंच संपलेल्या असायच्या. सगळे घोळक्यानं बोलत बोलत निघायचे, छत्र्या बगलेत मारून. बाजारपेठेपर्यंत त्यांचे आवाज ऐकू यायचे. मी पडवीत वृत्तांत लिहीत बसायची, आणि तो आता लांबलचक असायचा.

दोन सभांच्या मधले दिवस मात्र जाता जाईनात. ज्याच्यासाठी धडपड केली तेच मिळालं होतं, मग तक्रार कुणाकडं करायची?

एका दुपारी पेशंट नव्हते. वारा सुटला होता, धूळ पडवीत येत होती. मी आयाला म्हटलं, "वडीलधाऱ्या डॉक्टरांकडं जा. सांग, तुमची छत्री इथं राहिलीय." ती कोपऱ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "जा तू." ती गेली. मी चुलीवर आधण ठेवलं, दोन कप धुऊन पुसून घेतले, त्यांची खुर्ची कठड्याजवळ ओढली.

ती एकटीच परत आली.

"डागदर म्हनले, छत्री घरातच हाय. बाईंचा कायतरी घोटाळा झाला आसंल."

"असेल," मी म्हणाले.

आधण उकळून निम्मं झालं होतं. मी चहा केला आणि दुसरा कप तिच्यापुढं ठेवला. दवाखान्यात इतकी वर्षं काढून ती माझ्यासमोर कधी बसली नव्हती. तिनं एकदा कोपऱ्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि काही न विचारता उंबऱ्यावर बसून चहा घेतला.