मूळव्याधीचं घराणं

सकाळपासून दमट उकाडा होता. असल्या हवेत मेण रुसतं. मेणाच्या वडीत बसवलेला आतड्याचा तुकडा पात्यापुढे आला की काप सरळ निघायचं सोडून सुरळी करून बसे. ती आधी वडी बर्फावर टेकवायची, यंत्रात बसवून तिच्यावर हळूच तोंडाची वाफ सोडायची आणि श्वास रोखून चाक फिरवायची. मग कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप निघे. एकवीस वर्षं हेच. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिला 'पापुद्रा'च म्हणत.

आज तिचा थोरला भाऊ यायचा होता. कापडाच्या दुकानात गादीवर बसून जगाला अक्कल वाटणारा. स्वतःपुरती ठेवायची तेवढी राहून गेलेली. शौचातून रक्त गेलं की या घरात एकच शब्द: मूळव्याध. वडील मूळव्याधीनं गेले, आत्या मूळव्याधीनं गेली. मूळव्याध कसली, वतनच ते! गेल्या महिन्यात त्याच्या लेकीनं रडून-भेकून त्याला दुर्बिणीची तपासणी करायला लावली, तर आतड्यात शेकड्यानं कोंब. डॉक्टर म्हणाले, कर्करोग व्हायच्या आत मोठं आतडं काढावं लागेल. हा म्हणाला, "कोंबच ना? खुडून टाका."

तो टाचा आपटत आला. "बोल शहाणे. तुला काय, कापायचाच धंदा."

तिनं सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली. "ही तुझी, दुर्बिणीतून काढलेल्या कोंबाची. पेशी बिघडायला लागली की तिच्यात एक प्रथिन साठतं. रंग दिला की तपकिरी दिसतं. बघ. अरे, डोळा उघडून बघ!"

"ठिपके दिसतात. असतील."

"आता ही."

दुसऱ्या काचेवर ठिपके नव्हते, तपकिरी चिखल होता.

"हा कोण गं? गेला असेल बिचारा."

"गेला. बाबा आहेत ते."

सव्वीस वर्षांपूर्वी इथंच तपासायला काढलेल्या त्यांच्या तुकड्याची वडी कोठारात पडून होती. डॉक्टरांना विचारून तिनं परवा शोधली, काल कापली.

"बाबांना मूळव्याध होती," तो म्हणाला. पण आवाजाखालची गादी सरकली होती.

"हो ना. तीच म्हणत सहा महिने घरी बसवलंस त्यांना. तुझे अजून ठिपके आहेत, दादा. चिखल व्हायची वाट बघायची असेल तर बघ. लेकीलाही सांग, रक्त तपासू नकोस, आपलं घराणं मूळव्याधीचं."

"तिलाही असेल?"

"असेल किंवा नसेल. हे बापाकडून लेकरात उतरतं, निम्मी-निम्मी शक्यता."

त्यानं रुमालानं मान पुसली, मग पुसलेलीच पुन्हा पुसली. "ऑपरेशनला दुकान किती दिवस बंद ठेवावं लागेल?"

शरण येतानाही मेला दुकानाच्याच दारातून येतो, असं तिच्या मनात आलं.

"महिनाभर तरी. सोमवारी ये, लेकीला घेऊन. आणि तो शब्द घरी ठेवून ये."

तो गेला. टाचा वाजल्या नाहीत. तिनं सुरळी झालेला काप केरात टाकला, बर्फावरची वडी उचलून यंत्रात बसवली आणि तिच्यावर वाफ सोडली.