सावळीरामनं बांधलेलं गोणपाट

सायखेड्याच्या सावळीरामला झाकायचा नाद होता. नाद म्हणजे किती? पौष लागला की शेवंतीच्या वाफ्यांवर गोणपाट, पाण्याच्या मोटारीवर गोणपाट, कोंबड्यांच्या खुराड्यावर गोणपाट. रेडिओला तर बारा महिने टोपडं. पारावरची माणसं म्हणायची, हा बाबा एक दिवस गोदावरीवरसुद्धा वाकळ घालील. सावळीराम हसायचा आणि सुतळीची गाठ आणखी आवळायचा.

हसण्यावारी न्यावं असं मात्र त्यात काही नव्हतं, हे त्याच्या बायकोला, नवसाबाईला, पक्कं ठाऊक होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांना पहिली मुलगी झाली. अशाच पौषात, निफाडकडच्या त्या मेल्या थंडीत, पाचव्या दिवशी पहाटे ती गार पडून गेली. शेजारीच झोपलेल्या सावळीरामला जागही आली नव्हती. त्या दिवसापासून हा माणूस जे दिसेल ते झाकत सुटला. पुढं ललित झाला, धडधाकट वाढला, त्याचं लग्न झालं. पण नाद काही सुटला नाही.

दोन हजार एकच्या जानेवारीत ललितची बायको शुभांगी आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगीच. वजन पावणेदोन किलोसुद्धा नाही. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका दवाखान्यात तीन आठवडे ती काचेच्या पेटीत होती. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घरी न्या, पण हिला गारठा लागता कामा नये. वाटेत ऊब कमी पडली तर पोटाशी, उघड्या अंगाला लावून धरा. सावळीरामनं ते दाराआडून ऐकलं.

ललितकडे एक जुनी पांढरी गाडी होती, गंगापूर रोडच्या कुणा वकिलाकडून घेतलेली. तिच्यात हिटर होता. गाव त्या हिटरची चेष्टा करायचं. आता सगळ्या घराचा जीव त्याच्यावर टांगलेला. आणि नेमकं बाळाला आणायच्या दिवशी, बापलेक सकाळी नाशिकला निघाले, तर हिटर गार वारा फेकायला लागला. ललितनं बटणं फिरवली, खटका मागंपुढं ओढला. पंखा जोरात फिरत होता, वारा भरपूर येत होता, पण नदीकाठच्यासारखा गार. घ्या आता!

मुंबई नाक्याजवळ अब्बासभाईचं गॅरेज होतं. अब्बास कमी बोलणारा माणूस. त्यानं पंखा ऐकला, खटक्याची तार हलते का पाहिली, मग बॉनेट उघडून हिटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांवर हात ठेवला. इंजिन तापलेलं, आणि दोन्ही नळ्या गार. जरा थांबून, ओल्या फडक्यानं रेडिएटरचं झाकण सोडलं. आत पाण्याचा पत्ता नव्हता. तो म्हणाला, हिटरात काही स्वतःची चूल नसते. इंजिनाचं तापलेलं पाणी त्यातून फिरतं, त्याचीच ऊब वाऱ्याला. पाणीच नाही तर तापणार काय?

त्यानं चांगलं चार लिटर पाणी ओतलं, आत अडकलेली हवा काढली. दहा मिनिटांत हिटर ऊन वारा द्यायला लागला. सावळीरामनं दोन्ही तळवे त्यापुढं धरले आणि त्याचे डोळे भरून आले.

अब्बासचा चेहरा मात्र उतरलेलाच. तो गाडीखाली वाकून पाहत होता. जमीन कोरडी ठणठणीत.

"पाणी खाली सांडलं नाही, म्हणजे इंजिन आत पितंय," तो म्हणाला. "गाडी मध्ये कधी उकळली होती का?"

ललित चटकन म्हणाला, "नाही, कधीच नाही."

अब्बासनं रेडिएटरच्या जाळीजवळ बोट नेलं. तिथं सुतळीचा एक तुकडा गाठीसकट अडकला होता. त्यानं विचारलं, पुढं काही बांधलं होतं का? वारा कोंडला की इंजिन उकळतं, आतलं पाणी अडवणारं पॅकिंग जातं. मग कितीही पाणी ओता, ते टिकत नाही.

सावळीरामनं आपली गाठ ओळखली. आठ दिवसांपूर्वी, सकाळी गाडी लवकर सुरू होईना म्हणून, त्यानंच बॉनेट उघडून रेडिएटरपुढं गोणपाट बांधलं होतं. वाफ्यांवर बांधतो तसं, चारी कोपरे ओढून. कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते जागेवर नव्हतं. कुठंतरी पडलं असणार. मुलाच्या देखत तोंड उघडायची त्याला लाज वाटली. काय म्हणेल पोरगा? म्हाताऱ्यानं गाडीची वाट लावली म्हणेल.

"फुलांच्या जुडीची सुतळी असंल," सावळीराम म्हणाला.

अब्बास दोघांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, गाडी एक दिवस ठेवा, मी उघडून बघतो. नेणारच असाल तर एक ध्यानात ठेवा. इंजिन किती तापलं ते दाखवणारी सुई बंद आहे, तिच्यावर जाऊ नका. वारा गार झाला की पाणी संपलं समजा, आणि तिथल्या तिथं गाडी बंद करा."

बाळाला आजच घरी न्यायचं होतं, म्हणून त्यांनी गाडी ठेवली नाही. दवाखान्यातल्या कागदपत्रांत दिवस गेला. निघाले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. शुभांगी मागं बाळाला घेऊन, पुढं बापलेक. नाशिक मागं पडलं, हिटर ऊन होता. सावळीरामचा हात हिटरच्या वाऱ्यापुढून हलला नाही.

चांदोरीला गाडी आत वळली आणि त्याच्या तळव्याला वारा कोमट लागला. मग निवला. मग गार.

"ललित, गार झाला रे," तो म्हणाला.

ललितनं ऐकलं. पण समोर पूल, पुलापलीकडं घर. गावात पोचू म्हणून त्यानं गाडी दामटली. पुलाच्या तोंडाशी बॉनेटखालून वाफ उसळली, इंजिन खडखडलं आणि कायमचं बसलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दिवस बुडाला होता, नदीवरून बोचरा वारा सुटला होता आणि बाळ बारीक कुंथत होतं.

"मामा, तुम्ही न्या तिला," शुभांगी सासऱ्याला म्हणाली. "टाक्यांमुळं मला भराभर चालवत नाही. मी येते मागून."

सावळीरामनं सदरा आणि बंडी उघडली, बाळाला उघड्या छातीला लावलं, वरून कपडे आणि घोंगडी गुंडाळली आणि तो चालायला लागला. ललित वाऱ्याच्या अंगानं, चादर आडवी ताणून. पुलाच्या मध्यावर बाळाचं कुंथणं थांबलं. सावळीराम थबकला. बाळाचा इवलासा तळपाय त्याच्या पोटाला लागत होता, आणि तो गार होता. चाळीस वर्षांपूर्वीची ती पहाट त्याच्या अंगावर आली.

"ललित," तो म्हणाला, "गाडीला गोणपाट मीच बांधलं व्हतं. लाजंपायी बोललो नाय. हिला काय झालं तर मीच मारली म्हन."

ललितनं चादर आणखी ताणली.

"मला माहीत होतं, दादा," तो बापाला म्हणाला. "परवा ओझरच्या वाटेवर गाडी उकळली. ते गोणपाट मीच सोडून फेकलं. अब्बासभाईंपुढं तुमचा पाणउतारा होईल म्हणून मी नाही म्हटलं."

वाऱ्यात चादर फडफडत होती. मग दोघंही पळायला लागले.

नवसाबाईनं शेगडी पेटवून ठेवली होती. तिनं बाळ काढून घेतलं, तळपायाला गाल लावला आणि तशीच राहिली. सावळीराम उघड्या अंगानं उंबऱ्यात उभा होता, आत यायची त्याची छाती होत नव्हती.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हाय. ऊब हाय."

सावळीराम आत आला आणि लहान लेकरासारखा रडला. ललित शुभांगीला आणायला उलट्या पावली धावला.

दुसऱ्या दिवशी एका ट्रॅक्टरनं गाडी ओढत अब्बासच्या दारात नेली. अब्बासनं बॉनेटला हात लावला आणि त्यानं काही विचारायच्या आतच बापलेक दोघंही एकदम बोलायला लागले.