डोहात सोडलेला करंट

त्या ओढ्याचं नाव मी सांगणार नाही. किनवटच्या बाजूचा आहे, सागाच्या जंगलातून येतो, एवढं पुरे. आता कुणी विचारलं, ‘मास्तर, गळ टाकायला कुठं जाता?’ तर मी सरळ विष्णुपुरीचं धरण म्हणून सांगतो. खोटं बोलतो आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

मी नांदेडला शिलाई मशीन दुरुस्त करतो. आधी अब्बा करायचे, आता मी. बऱ्याच वर्षांपूर्वी जंगलातल्या एका वसतिगृहाची मशीनं दुरुस्त करायला गेलो होतो. परतताना हातपाय धुवायला ओढ्यावर उतरलो तर काठावर एक बाई बसलेली. पन्नाशीची, काष्टा खोचलेला, हातात बांबूची काठी. मान न वळवता म्हणाली, “भाऊ, सावली पाण्यावर पाडू नका. मरळ पळंल.”

मी गुमान मागे सरलो. थोड्या वेळानं तिनं काठी उचलली आणि हातभर मरळ काठावरच्या गवतात तडफडायला लागली. त्या दिवसापासून मी तिचा शागीर्द. मी तिला आक्का म्हणतो, ती मला मास्तर.

आक्काचं शेत ओढ्याला लागून. खालच्या अंगाला एक डोह आहे, उन्हाळ्यातही आटत नाही. तिथं तिचा कायदा चालायचा. बोटाएवढं पोर गळाला लागलं तर सोडून द्यायचं. घरापुरता मासा मिळाला की काठी गुंडाळायची. पावसाळ्यात मरळीची लाल लाल पिल्लं घोळक्यानं पाण्यावर फिरतात, त्यांच्या खाली त्यांची आई असते, तिला तर हातच लावायचा नाही. “लेकुरवाळीला मारून खाल्लेलं पचत न्हाई,” आक्का म्हणायची.

शनिवारी दुकान लवकर बंद करायचं, रेल्वेनं किनवट गाठायचं, बहिणीकडे मुक्काम करायचा आणि रविवारी उजाडायला तिच्या नवऱ्याची मोटरसायकल घेऊन ओढ्यावर जायचं, हा माझा महिन्यातून एकदोनदाचा नेम. बहीण म्हणते, “मच्छी नांदेडात मिळत नाही का रे?” मिळते. पण पळसाखाली बसून आठवडाभराची मशीनची खडखड कानातून निघून जाते, ते कुठं मिळतं?

यंदा थंडी हटायलाच तयार नव्हती. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत जाते म्हणतात. यंदा शिवरात्र होऊन गेली, पळस फुलून लाल झाला, तरी सकाळी ओढ्यावरून वाफ निघायची आणि तोंडातूनही. मी स्वेटर, त्यावर मफलर, त्यावर बहिणीची जुनी शाल अशा अवतारात बसायचो. गारठ्यात मासा हलत नाही. तळाशी चिखलाला पोट लावून पडून राहतो, नाकासमोर गांडूळ नाचवलं तरी तोंड उघडत नाही. यंदा हट्टानं सलग तीन रविवार गेलो, तरी आमच्या दोघांच्याही काठीला काही लागलं नाही. बोटं बधिर, नाक वाहतंय, आणि आक्का शांत. “त्याला बी थंडी वाजून राहिली मास्तर. ऊन तापलं की येईल वर. घाई कशाची?”

चौथ्या रविवारी मी पोचलो तेव्हा रस्त्याकडेला एक पांढरी गाडी उभी होती. डोहाकडून हसण्याचे आवाज येत होते. खाली उतरलो आणि बघतच राहिलो.

तिघं होते. दोघं काठावर बादल्या घेऊन. तिसरा गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून डोहाच्या कडेला, पाठीवर पिशवीत बॅटरी आणि इन्व्हर्टर, दोन हातांत दोन बांबू, बांबूंना वायर, एकाच्या टोकाला जाळीचं वेटोळं. बांबू पाण्यात बुडवला की पाणी थरथरल्यासारखं व्हायचं आणि मासे पांढरी पोटं दाखवत वर यायचे. जे थंडीनं तळाला निजले होते ते. महिनाभर आम्ही ज्यांच्या मर्जीची वाट बघत बसलो होतो ते. मोठे बादलीत जात होते. बोटाएवढी पोरं, झिंगे, एक बेडूक, सगळं तसंच तरंगत प्रवाहाला लागत होतं. त्यांच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं.

आक्का काठावर उभी होती. आवाज चढलेला. “अरे, बंदी हाय करंट मारायला! जनावरं पितात हितलं पाणी!”

एका बादलीवाल्यानं बादलीतल्या दोन मरळी उचलून तिच्यापुढे धरल्या. “घ्या मावशी, कालवण करा. गरम गरम. थंडी पळून जाईल.”

हे वाक्य अजून माझ्या डोक्यात घण घालतं. तिच्याच डोहातले मासे तिलाच भीक म्हणून देत होता तो!

मी पुढे झालो. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. “अरे मास्तर! तुम्ही पण आलात? काय जागा सांगितलीत राव! मानलं तुम्हाला!”

तेव्हा मी त्याला ओळखलं. पंधराच दिवसांपूर्वी त्याच्या कारखान्याची मशीनं माझ्या दुकानात आली होती. शाळेचे गणवेश शिवतो तो. चहा पिता पिता मी त्याला फोनमधला गेल्या वर्षीच्या मरळीचा फोटो दाखवला. त्यानं वा वा केलं. मी फुगलो. कुठला ओढा, कुठल्या मोहाच्या झाडापाशी वळायचं, डोह केवढा खोल, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, हाही आपल्यासारखाच शौकीन. येईल, काठी टाकून बसेल.

आक्कानं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग त्या मरळी तिनं त्याच्या हातातून घेतल्या, खाली गवतावर ठेवल्या, चपला काढल्या आणि सरळ पाण्यात शिरली.

“ए बाई! वेडी झालीस का?” बांबूवाला किंचाळला आणि त्यानं बांबू वर उचलले.

ती मांडीपर्यंत पाण्यात जाऊन उभी राहिली. लुगडं भिजलं. “टाक आता करंट,” ती म्हणाली. “टाक की. मासा काय, माणूस काय.”

मी काठावर उभा होतो. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. त्या वायरींची वाटली, त्या गारठलेल्या पाण्याचीही वाटली. घरी बायको, पोरी, सगळं डोळ्यांपुढे आलं. दोन-चार श्वास मी तसाच उभा राहिलो, आणि त्या दोन-चार श्वासांचा राग मला त्या तिघांवरच्या रागाइतकाच येतो. मग बूट काढून मीही उतरलो. पाणी असं की पायाचं हाड दुखायला लागलं. आक्काच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

तिघांनी आधी हसून बघितलं, मग समजावून, मग शिव्या देऊन. गणवेशवाला म्हणाला, “मास्तर, तुम्ही सुशिक्षित माणूस. एवढ्याशा माशांसाठी कशाला तमाशा?” मी म्हणालो, “बॅटरी बंद कर आणि वर चढ.” माझे दात वाजत होते, त्यामुळे त्यात काही दम वाटला नसेल. पण आम्ही हललो नाही. ऊन सागाच्या शेंड्यावरून खाली उतरून पाण्यापर्यंत आलं, तेव्हा कुठं त्यांनी वायरी गुंडाळल्या. दोन्ही बादल्या मात्र भरून नेल्या. त्या आम्हाला अडवता आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी अंगात ताप घेऊन मी तक्रार द्यायला गेलो. कुठल्या कचेरीत, ते सांगण्यात अर्थ नाही. एकानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं परत पहिल्याकडे. शेवटी टेबलापलीकडच्या माणसानं कागद वाचला आणि विचारलं, “मासे मेले म्हणून तक्रार? तुम्ही तिथं काय करायला गेला होता?”

“गळ टाकायला.”

“म्हणजे तुम्ही पण मारायलाच गेला होता ना!” तो शेजारच्याकडे बघून हसला.

महिनाभर गारठ्यात बसून एक मासा मिळाला तर मिळाला म्हणणारा माणूस आणि अर्ध्या तासात अख्खा डोह मारणारा माणूस, या दोघांत फरक आहे हे ज्याला समजावून सांगावं लागतं, त्याला सांगून काय उपयोग? तरी सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. तेव्हा कुठं कागदावर शिक्का पडला. पुढे काहीही झालं नाही.

होळी झाली आणि थंडी एका आठवड्यात गेली. मी ओढ्यावर गेलो. आक्का शेतात हरभऱ्याचं काड गोळा करत होती. मी माफी मागायला सुरुवात केली तर तिनं हात वर केला. “माझ्यापाशी काय मागता? ग्रामसभा हाय मंगळवारी. तिथं या अन् सगळ्यांपुढं बोला, कुणी सांगितलं ते.”

मंगळवारी दुकान बंद ठेवून गेलो. चावडीपुढे सतरंजीवर गाव बसलेलं. मी उभा राहिलो आणि बोललो, “जागा मी सांगितली. फोटो दाखवून, बढाई मारून सांगितली.” कुणीतरी हसलं. एक म्हातारा उठून म्हणाला, “बॅटरीला तर बंदी कराच. पण बाहेरच्या माणसाला बी बंदी करा. माशाची पोरं वाढंस्तोवर दोन वर्षं कुणी गळ टाकायचा न्हाई.” म्हणजे मलाही. माझ्याकडे बघूनच म्हणाला तो.

सगळ्यांनी हात वर केले. आक्कानंही केला. मला झोंबलं. पण तिचं बरोबर होतं, हे मला सतरंजीवर बसल्या बसल्याच कळत होतं.

नंतर ती जवळ आली. “गळ टाकायचा न्हाई म्हणलं गावानं. बसायचं न्हाई असं कुणी म्हणलं न्हाई.” आणि निघून गेली.

तेव्हापासून मी काठी न घेता जातो.

मागच्या आठवड्यात गणवेशवाल्याची गाडी दुकानापुढे थांबली. शाळा सुरू व्हायच्या आधीचा त्याचा हंगाम, दोन मशीनं अडकलेली. काही घडलंच नाही अशा थाटात बरोबरच्या माणसाकडून त्यानं मशीनं उतरवून घेतली. “मास्तर, उद्यापर्यंत पाहिजेत.”

मी म्हणालो, “उचला.”

“म्हणजे?”

“ही मशीनं इथं होणार नाहीत. गावात दुसरे कारागीर आहेत.”

“त्या माशांसाठी? मास्तर, पक्कं गिऱ्हाईक तोडता?”

“हाव, तोडतो,” मी म्हणालो, आणि दोन्ही मशीनं स्वतः उचलून त्याच्या गाडीत ठेवली.