मैलकुली आणि दिल्लीचं अंतर

शांतवनचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. सहाच्या आत तो घोडेगावच्या सडकेवर असे. तो मैलकुली, तीन मैलांची सडक त्याच्या अंगावर होती. खड्डा उकरायचा, मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा. ठोकणं कमी पडलं की आठवड्यात उखडतं. शांतवनने भरलेला खड्डा पावसाळा काढायचा.

१९४९ साली त्याची लेक फिलोमिना मुंबईत नर्सचं शिक्षण संपवून पास झाली. दिल्लीच्या दवाखान्यात नोकरी मिळत होती. तिने लिहिलं, ‘बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच जाईन. दिल्ली लांब नाही. मुंबईहून विमान पाच तासांत पोचतं.’

पत्र वाचून दाखवलं मिशनच्या शाळेतल्या यशया मास्तरांनी. शांतवनची बायको मरियम परगावी दवाखान्यात वारली, तेव्हा तो एक दिवस उशिरा पोचला होता. लेकीने बोलावलं तर किती वेळात तिच्या दारात उभं राहता येईल, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

“मुंबईहून दिल्ली सरळ गेलं तर सातशे मैल,” मास्तर म्हणाले. “रेल्वेने साडेनऊशे. विमानाला वळणं नसतात.”

“ज्या वाटंवर मैलाचा एक दगूड रोवला न्हाई, तिचे मैल मोजले कुनी?”

“नकाशावर मोजतात.”

“मी पायानं मोजतो.”

“मग मोज. सोनईला सडकेने सहा मैल. मी सडकेने येतो, तू रानातून सरळ ये.”

रविवारी चर्चमधून आल्यावर दोघे एकदमच निघाले. शांतवन पावलं मोजत होता. एकवीसशेला एक मैल, हे त्याला पाठ होतं. काळ्या रानात पाय रुतले. ओढ्याची दरड उतरावी लागली, परत चढावी लागली. बाभळीची कुंपणं तर मोजलीच नाहीत. पावलं भरली साडेचार मैलांची. सोनईत शिरला तर मास्तर चहा पिऊन पारावर टेकलेले.

“काय शांतवन, विमान उशिरा आलं का तुझं?”

“अंतर कमीच हाय, मास्तर. तुमी खोटं न्हाई.” त्याने टाचेतला काटा काढला. “पन वेळ ज्याचा त्याचा. पाच तास विमानात बसनाऱ्याचे. माझं सांगा.”

“नगरला गाडीत बसायचं, मनमाडला बदलायची. दोन दिवस धर.”

“मंजी तार आली की तिसऱ्या दिवशी तिच्या म्होरं?”

“उभ्याने जावं लागेल कदाचित. पण पोचशील.”

शांतवनने बोटांवर दिवस मोजले.

“ल्हिवा तिला,” तो म्हणाला. “जा म्हनावं. पन मी पोचवाया येनार. वाट माझ्या पायाखालची झाली पायजे.”

महिन्याने फिलोमिना घरी आली. चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी नगर स्टेशनावर शांतवनने साठवलेल्या मजुरीतून दिल्लीची तिसऱ्या वर्गाची तिकिटं काढली. जाण्याची दोन, परतीचं एक.