आखणीच्या दिवसांतलं डबिंग

माझी थोरली बहीण पेणजवळ हमरापूरला दिलेली आहे. सासरी गणपतीचा कारखाना. मूर्ती घडवणं, रंगवणं घरातले सगळेच करतात. डोळ्यांची आखणी ती एकटी करते. मध्यंतरी त्या कारखान्यात एका कौटुंबिक सिनेमाचं चित्रीकरण झालं. वाटण्या मागणारे दोन भाऊ आणि घर धरून ठेवणारी थोरली जाऊ, अशी गोष्ट. जावेचं काम करणारी नटी आयत्या वेळी आली नाही. दिग्दर्शकाने ताईला आखणी करताना पाहिलं होतं. त्याने तिलाच उभं केलं.

शेजारच्या कारखान्यात रंग फवारायचा कॉम्प्रेसर दिवसभर घरघरत असायचा. त्यामुळे सगळे संवाद मुंबईला स्टुडिओत पुन्हा बोलावे लागणार होते. त्यासाठी फोन आला तो आषाढात. श्रावण लागायच्या आधी माल बाहेर पडतो, तेव्हा आखणी करणारीला जेवायलाही हाका मारून उठवावं लागतं. दुसऱ्या हाताचे डोळे व्यापारी लगेच ओळखतो. ताईने कळवलं, गणपती झाले की येते. तिच्या दृष्टीने यात काही वावगं नव्हतं. त्या गावात घराची डागडुजी असो, मुलीला बघायला येणं असो, सगळं गणपतीनंतरवर जातं आणि समोरचा माणूस थांबतो. सिनेमावाले थांबले नाहीत. तसं त्यांनी कळवलंही नाही.

आम्हाला ते पेणच्या थिएटरात कळलं. पडद्यावर ताईने तोंड उघडलं आणि आवाज भलत्याच बाईचा आला; स्वच्छ, घोटलेला. मागच्या रांगेतून तिची शेजारीण म्हणाली, "काय गो, सिनेमात गेलीस नि मास्तरीण झालीस?" रांग हसली. ताईही हसली.

सिनेमाचं कौतुक झालं. त्यातही थोरल्या जावेचं जास्त. दीर वाटणी मागतो आणि ती काही न बोलता मूर्तीचा डोळा पुरा करते, त्या प्रसंगावर सगळ्यांनी लिहिलं. सहायक अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी तिचं नाव घेतलं जाऊ लागलं. भावोजींनी कारखान्यात एक भिंत मोकळी करून ठेवली. ताई त्याबद्दल माझ्याशी एकदाच बोलली. "मला पायजे रे तो. इतकी वर्षं डोळे आखते, मूर्तीखाली नाव कारखान्याचं असतं."

मी रोह्याला एका दैनिकाचा वार्ताहर आहे. जिल्ह्यातल्या बाईला पुरस्काराची आशा कितपत, असा मजकूर कार्यालयाने मागितला. दिग्दर्शकाला फोन लावला. तो थकल्यासारखा बोलत होता. अभिनयाच्या पुरस्काराला आवाज कलाकाराचा स्वतःचाच लागतो, असा नियम आहे, म्हणाला. प्रवेशिका भरताना त्यांच्या ते लक्षात आलं, म्हणून ताईचं नाव पाठवलंच नव्हतं. तिला सांगायचं राहून गेलं. तुम्ही भाऊच आहात, तुम्हीच सांगा, असंही म्हणाला.

रोह्याहून गाडीने निघालो. निडी स्टेशनात गाडी बराच वेळ उभी राहिली. मला घाई नव्हती. पेणला उतरून रामवाडीवरून रिक्षाने हमरापुरात पोचलो, तेव्हा दुपार कलली होती. पुन्हा आखणीचेच दिवस होते. ताईच्या पुढ्यातल्या मूर्तीचा एक डोळा आखून झाला होता. मध्ये थांबलं तर दुसरा डोळा पहिल्याशी जुळत नाही, म्हणून त्या वेळी तिच्याशी कुणी बोलत नाही. मी पोत्यावर बसून राहिलो. दुसरा डोळा झाल्यावर तिने ब्रश पाण्यात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी फोनवरचं सगळं सांगितलं. तिने विचारलं, मग जिचा आवाज आहे तिला मिळणार का. तिलाही नाही, मी म्हणालो, ती पडद्यावर कुठे दिसते.

"तवा गेले असते तर?"

मिळालाच असता असं नाही, पण नाव गेलं असतं, असं मी सांगितलं. भावोजी उठून बाहेर गेले. आषाढात तिला जाऊ नको म्हणणाऱ्यांत तेही होते.

ताईने पुढची मूर्ती ओढून घेतली, पण ब्रश उचलला नाही. "पेपरात काय लिवशील?"

"पुरस्काराला पात्र नाही, असं."

"कारण पण लिव. नायतर लोकं म्हणतील, काम बरं नव्हतं."

मी कारण लिहिलं. आवाज, कॉम्प्रेसर, आषाढ, सगळं. पहिल्याच परिच्छेदात. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी आल्या, पुरस्काराला पात्र नाही एवढ्याच. जाहिरात वाढल्याने उरलेला मजकूर काढावा लागला, असं कार्यालयातून सांगितलं. ही सबब मला नवीन नव्हती.

त्याच दिवशी थिएटरातली शेजारीण कारखान्यात येऊन गेली. मस्करीसाठी आली नव्हती. ताईजवळ खाली बसून हळू आवाजात म्हणाली, "मनाला लावून घेऊ नको गो. आपल्याला ते काम जमायचं नाय."

ताईने हे मला फोनवर सांगितलं. पेपरात कारण का नाही, हे विचारलं नाही. एक डोळा अर्धा राहिलाय म्हणाली आणि फोन ठेवला.