रेतीत थांबायचं नसते

शालिग्राम भित्रा व्हता, हे पह्यलंच सांगून टाकलेलं बरं. लपवून फायदा नाई, साऱ्या गावाले माहीत व्हतं. पालीले भे, लग्नातल्या फटाक्याले भे, सासऱ्याच्या खोकल्याले त इतका भे का सासरवाडीत तिकडून खोकला आला का याचा हातातला घास हातातच राहे. अन् असा मानूस पूर्णेकाठच्या गावात अर्जुनराव पाटलाची जीप चालवे. देवाले बी कधी कधी गंमत सुचते.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं व्हतं तवाची गोष्ट. अर्जुनरावानं लिलावातून लष्कराची जुनी जीप आनली. शालिग्राम तोवर त्यायची बैलगाडी हाके. मालक म्हने, "बैल हाकते तो हे बी हाकीन. याले त वैरन बी लागत नाई." शिकवाले अकोल्याहून एक ड्रायव्हर आला. जातानी त्यानं सांगतलं, "हा लंबा दांडा रोजचा. हा बाजूचा आखूड दांडा वढला का चारी चाकं संगंसंगं जोर लावतात. रेतीत, गाऱ्यात वढजो. पन रेतीत एकदा निंघाला त थांबजो नोको. थांबला का बसला."

शालिग्रामनं त्या आखूड दांड्यावर फडकं बांधून ठेवलं. नजरच पडाले नोको त्याच्यावर. सडकेनं वरवट बकालच्या बजाराले जा, वापस ये, एवढंच त्याचं ड्रायव्हरपन. वाटेत म्हैस आडवी आली त हा उतरून तिले हात जोडे.

घरी दोन बाया. माय गोजरबाई, बायको रुखमा. जातीचे माळी, त दर उन्हाळ्यात पूर्णेच्या पात्रात टरबुजाची वाडी. पानी आटलं का पात्रात नुसती रेती राहे, वाऱ्यानं तिचे मानसाहून उंच टेकाडं बनत. गोजरबाईची वाडी त्या टेकाडाच्या पल्याड, पार समोरच्या दरडीखाली. दरड अशी उभी का बकरी बी चढत नाई, म्हनून जानं-येनं इकडूनच. म्हातारीचे गुडघे धरलेले. हंगाम लागला का बैलगाडीत बसून जाये, टरबूजं सरले का बैलगाडीतच वापस ये. तोवर सासू-सून तठीच खोपीत.

त्या दिवशी वैशाखातली दुपार व्हती. गावावर ऊन टकटकीत, ढगाचा ठिपका नाई. वरवट बकालकडून तुळशीराम सायकल हानत आला अन् पाटलाच्या दारात सायकल टाकूनच देल्ली.

"वर डोंगरात, बर्डीकडं ढग फुटला," तो म्हने. "वान नदीले लाल पानी आलं. झाडं वाहून राह्यले. आता पूर्णेत उतरीन."

शालिग्राम जीप पुसत व्हता. हातातलं फडकं तसंच राह्यलं.

"माहे बैल बजारात गेले," त्यानं कसंबसं म्हटलं. "मायले चालता येत नाई."

अर्जुनरावानं त्याच्याकडं पाह्यलं, मंग जीपकडं. "अरे मंग हे काय शोभेले ठेवली काय बे? जाय."

"मालक, रेतीत?"

"नाई त काय, उडवत नेतो?"

शालिग्रामनं आखूड दांड्यावरचं फडकं सोडाले घेतलं त गाठच सुटेना. शेवटी दातानं तोडलं. दांडा वढला. जीप गुरगुरली, थरथरली. कोन जास्त थरथरत व्हतं ते सांगनं कठीन.

उतारावरून गाडी रेतीत घुसली. सडकेवर चाक आपलं ऐकते. रेतीत चाक एकीकडं, गाडी तिसरीकडं. टेकाडावर चढली त समोर जमीनच नाई, नुसतं आभाय. उतरली त नाक खाली, जसा काई बैल गुडघ्यावर बसला. दोन टेकाडाच्या मधात पान्याची बारीक धार व्हती, पायाचा घोटा बुडे एवढी. ते त्यानं डोये मिटूनच पार केली. तोंडानं नुसतं "माय वं, माय वं" चालू. मायलेच आनाले चालला व्हता ना.

वाडीत रुखमा टरबूजं वेचत व्हती. जीप पाहून ते हसाले लागली, पन त्याचं तोंड पाह्यलं अन् हसनं थांबलं. तिनं सासूले पाठुंगळी घेतलं, गोधड्या मांगं टाकल्या, त्याच्यावर म्हातारी बसवली. गोजरबाई टरबुजाकडं पाहून म्हने, "एवढे पिकेल सोडून कोठी नेऊन राह्यले मले?"

"पूर येऊन राह्यला माय."

"कोन्या गाढवानं सांगतलं? आभाय पाह्य की." मंग तिनं नदीच्या वरच्या अंगाले कान देल्ला अन् गोधडी धरून बसली. बगळे सारे एकदमच उडून गेले व्हते.

निंघाले. धारेजवळ आले तशी म्हातारी मांगून म्हने, "शालिक, येतानी हात जोडले व्हते काय नदीले?"

आता हा गोजरबाईचा दंडक. पात्र कोरडं असो का भरेल, धार ओलांडायच्या आंधी गाडी उभी करायची, पूर्णामायले हात जोडायचे. बैल बी तेवढ्यात दम खात. साऱ्या माळीवाड्यात तसंच करत.

"नाई जोडले," शालिग्रामनं खरं सांगतलं.

"मंग कोपन नाई त काय करन ते? थांब. जोड."

मायच्या आवाजानं पाय आपोआप दाबल्या गेला. जीप उभी राह्यली. त्यानं हात जोडले. अन् जोडल्या हातानंच त्याले अकोल्याच्या ड्रायव्हरचं बोलनं आठवलं.

गाडी चालू केली त चाकं जागच्या जागी फिरले. रेती मांगं उडाली, मांगची बाजू हयूहयू खाली बसली. पुन्ना दाबलं, आनिक बसली. त्याच्या कपायावरून घाम डोयात उतरला. वरच्या अंगाकडून आवाज याले लागला, दगडी रस्त्यानं पुष्कळ गाड्या एकदम याव्या तसा. धारेतलं पानी पाहता पाहता लाल झालं, त्याच्यावर काड्या अन् फेस.

रुखमा खाली उतरली. सासूच्या खालून गोधड्या वढल्या, चाकाखालून रेती उपसली, गोधड्या कोंबल्या.

"मी ढकलते," ते म्हने. "चालली का थांबू नोका."

"अन् तू?"

"मी येते पायानं."

"रुखमे, पानी..."

"अजी, थांबले त तिघंबी जाऊ. मायले कोन उचलन पुन्ना? चाला. मांगं पाहू नोका."

जीप हलली. गोधडीवर चढली, झटका खाल्ला अन् सुटली. धारेत घुसली, निंघाली, समोरचं टेकाड चढाले लागली. शालिग्रामचे हात चक्रावर असे आवळलेले का नखं पांढरे पडले. इंजनच्या आवाजात मांगचं काईच ऐकू येईना. आयुष्यात पह्यल्यांदा त्याले गाडीचं भेव नोहतं, रेतीचं नोहतं. मांगं कोनी पाय उचलते का नाई, एवढंच.

"माय, दिसते काय?"

"दिसते. धारेत हाय."

"दिसते काय?"

"दिसते. लुगडं वर खोचलं तिनं."

जीप माथ्यावरून पल्याड उतरली.

"माय, दिसते काय?"

गोजरबाईनं मान उंच करून मांगं पाह्यलं.

"माय."

"टेकाड आडवं आलं रे बाप्पा. नाई दिसत."

पाय ब्रेकवर गेला. त्यानं दुसऱ्या पायानं तो बाजूले सारला. खरंच, आपलाच पाय आपल्या पायानं. तोंडातून रडू येत व्हतं अन् जीप पुढं जात व्हती. काठाची कडक जमीन लागली तशी त्यानं गाडी बंद केली, मायले तसंच सोडलं अन् उतारावरून रेतीत पयत सुटला. काठावर जमलेले लोक वरडले, "शालिक, येडा झाला काय बे?" त्यानं ऐकलं नाई.

टेकाडावर चढला त खाली रुखमा मांडीएवढ्या पान्यात. धार आता धार नोहती. ते एक पाय उचले त दुसरा रेतीत जाये. शालिग्राम घसरतच खाली गेला, पान्यात घुसला, तिचं मनगट धरलं. पोहता दोघायलेबी येत नोहतं. वढत, पडत, गुडघ्यानं रांगत ते टेकाडावर आले, पल्याड उतरले, काठावर चढले. मांगं पाह्यलं त टेकाडाच्या दोन्ही अंगानं पानी फिरून आलं व्हतं. थोड्या वेळानं टेकाडबी नोहतं.

रुखमा दम घेऊन म्हने, "मी सांगतलं व्हतं ना, मांगं पाहू नोका म्हनून."

"पाह्यलं नाई," शालिग्राम म्हने. "सीधा आलोच."

जीपमधून गोजरबाईचा आवाज आला, "हात जोडले म्हनून वाचले." तिच्याशी कोनी भांडलं नाई. म्हातारी कापत व्हती, अन् तिले आपलं चुकलं हे तिच्या कापन्यातच दिसत व्हतं.

शालिग्रामनं पुढंबी कितीक वर्षं ते जीप हाकली. पालीले भेतच राह्यला. पन रुखमा कधी गाडीत बसली त तो तिले मांगं बसू देत नसे. पुढं, त्याच्या बाजूले, डोयासमोर. अर्जुनराव संगं असले त पाटील मांगं बसत. बजारातले लोक हसत. कोनी इचारलं त पाटील म्हनत, "मले काय, मी कोठीबी बसतो. त्याची गाडी त चालली पाह्यजे."